रॉक-पॉपच्या तारखांचं स्वतःचं कॅलेंडर कसं बनवायचं

आधी एक प्रश्न विचारतो. मायकल जॅक्सननं पहिल्यांदा मूनवॉक (पुढे चालल्यासारखं दाखवत मागे सरकायची ती स्टेप) केला त्याची ॲनिव्हर्सरी कधी असते? नेटवर शोधलंत तर दोन तारखा मिळतील, २५ मार्च १९८३ आणि १६ मे १९८३, आणि गंमत म्हणजे दोन्ही बरोबर आहेत. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त जो कार्यक्रम झाला त्याचं शूटिंग कॅलिफोर्नियात पॅसाडीनाच्या हॉलमध्ये २५ मार्चला झालं, आणि टीव्हीवर तो दाखवला १६ मेला. हॉलमधल्या लोकांनी ते आधी बघितलं आणि बाकी जगानं सात आठवड्यांनी. आता तुम्ही कॅलेंडरमध्ये नुसतं "मूनवॉक" असं लिहून ठेवलंत तर पुढच्या वर्षी तुम्हालाच कळणार नाही की ही नक्की कशाची तारीख आहे.

म्हणून सगळ्यात पहिला नियम, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या लेखात सांगण्यासारखी हीच एक मोठी गोष्ट आहे: तारखेच्या पुढे क्रियापद लिहा. गाण्याचं किंवा माणसाचं नाव नुसतं लिहून ठेवू नका, त्या दिवशी झालं काय ते लिहा. रेकॉर्ड केलं, बाजारात आलं, रेडिओवर वाजलं, नंबर एकला गेलं, स्टेजवर गायलं, जन्मला, गेला. एवढं एक केलंत की निम्मे घोळ तिथेच संपतात.

मी बरीच वर्षं एका वहीत अशा तारखा लिहितोय (आता फोनमध्येही आहेत, पण वही सोडवत नाही) आणि सुरुवातीची चार-पाच पानं मला पूर्ण परत लिहावी लागली ती याच कारणानं, क्रियापदच नव्हतं ना.

रॉक अराउंड द क्लॉक हे गाणं घ्या. बिल हेली आणि त्याच्या बँडनं ते १२ एप्रिल १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड केलं, मे महिन्यात ते बाजारात आलं तेही रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, फार काही चाललं नाही. मग १९५५ च्या मार्चमध्ये ब्लॅकबोर्ड जंगल नावाचा सिनेमा आला, त्याच्या सुरुवातीला हे गाणं वाजलं, आणि पोरं वेडी झाली. ९ जुलै १९५५ ला गाणं अमेरिकेत नंबर एकला. म्हणजे एकाच गाण्याचे चार वेगळे दिवस झाले, आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी. १२ एप्रिलची गोष्ट स्टुडिओतल्या लोकांची आहे, ९ जुलैची गोष्ट थिएटरात बसलेल्या पोरांची. तुम्हाला कुठली सांगायचीय ते ठरवा आणि ती तारीख घ्या. दोन्ही घेतल्या तरी चालतंय, पण क्रियापदासकट.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर शक्य असेल तिथे मी रेकॉर्डिंगचा दिवस घेतो. रिलीज डेट ही कंपनीची तारीख असते, कधी बॉक्स पोचले, कधी जाहिरात लागली, यावर ठरते. रेकॉर्डिंगच्या दिवशी मात्र एका खोलीत काही माणसं होती आणि संध्याकाळी त्या खोलीत अशी एक गोष्ट होती जी सकाळी जगात नव्हती. ५ जुलै १९५४ ला मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर, बासवर बिल ब्लॅक आणि काचेच्या पलीकडे स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स, एवढेच लोक. संथ गाणी करून बघत होते आणि काही जमत नव्हतं, मग मधल्या ब्रेकमध्ये १९ वर्षांचा एल्विस सहज म्हणून आर्थर क्रुडपच्या दॅट्स ऑल राइट या गाण्यावर उड्या मारत सुटला, बाकीचे दोघं त्यात घुसले, आणि फिलिप्सनं विचारलं हे काय चाललंय, परत पहिल्यापासून करा. रेकॉर्ड १९ जुलैला आली पण मला सांगा, साजरा करायचा दिवस कुठला?

आता सगळ्यांचे रेकॉर्डिंगचे दिवस मिळतातच असं नाही. बीटल्सचे जवळजवळ सगळे मिळतात कारण स्टुडिओचे कागद जपलेले आहेत आणि त्यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत. इतर बऱ्याच जणांच्या बाबतीत फक्त महिना मिळतो. तेव्हा रिलीज डेटवर यावंच लागतं, आणि तिथे पुढचा घोळ सुरू होतो.

कुठल्या देशातली तारीख?

एकच अल्बम वेगवेगळ्या देशात वेगवेगळ्या दिवशी येणं हे कित्येक वर्षं अगदी नॉर्मल होतं. रेडिओहेडचा ओके कॉम्प्युटर बघा, जपानमध्ये २१ मे १९९७, ब्रिटनमध्ये १६ जून, अमेरिकेत १ जुलै. तीन तारखा, सहा आठवड्यांचा फरक, आणि वाढदिवस साजरा करणारे तीन वेगळे गट. द क्लॅशचा लंडन कॉलिंग तर आणखी भारी, ब्रिटनमध्ये तो १४ डिसेंबर १९७९ ला आला पण अमेरिकेत आला जानेवारी १९८० मध्ये, म्हणून रोलिंग स्टोन मासिकानं नंतर त्याला चक्क ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. ब्रिटिश माणसासाठी तो सत्तरच्या दशकाचा शेवट आणि अमेरिकन माणसासाठी ऐंशीची सुरुवात, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. पिंक फ्लॉइडच्या डार्क साइड ऑफ द मून चंही तसंच, अमेरिकेत १ मार्च १९७३, ब्रिटनमध्ये त्याच महिन्यात पण नंतर.

यावर उपाय सोपा आहे, बँड ज्या देशातला त्या देशातली पहिली तारीख घ्या आणि कंसात देशाचं नाव टाका. हा नियम एकदा ठरवला की मोडू नका, नाहीतर कॅलेंडर म्हणजे नुसती खिचडी होते.

आणि तारीख तपासायची एक छान युक्ती सांगतो, वार बघा. फोनच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन त्या तारखेला कुठला वार होता ते बघायला दहा सेकंद लागतात. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये रेकॉर्ड्स बहुतेक करून शुक्रवारी यायच्या. बीटल्सचं पहिलं सिंगल लव्ह मी डू, ५ ऑक्टोबर १९६२, शुक्रवार. पहिला अल्बम २२ मार्च १९६३, शुक्रवार. ॲबी रोड, २६ सप्टेंबर १९६९, शुक्रवार. नंतर ब्रिटनमध्ये सोमवार झाला आणि अमेरिकेत मंगळवार. निर्वाणाचा नेव्हरमाइंड २४ सप्टेंबर १९९१, मंगळवार. वरचा ओके कॉम्प्युटर पण बघा, १६ जून १९९७ सोमवार आणि १ जुलै मंगळवार, अगदी फिट्ट बसतं. शेवटी १० जुलै २०१५ पासून बहुतेक देशांनी मिळून शुक्रवार पक्का केला. त्यामुळे १९९५ चा अमेरिकन अल्बम कुणी गुरुवारी आला म्हणून सांगितलं तर लगेच मान्य करायचं नाही, अजून एकदा शोधायचं. वारावरून तारीख सिद्ध होत नाही पण संशय कुठे घ्यायचा ते कळतं.

बीटल्सचा सार्जंट पेपर हा अल्बम याचं मस्त उदाहरण आहे. सगळीकडे १ जून १९६७ अशी तारीख दिसते, आणि ती अधिकृत आहेच, पण वार बघितला तर गुरुवार! झालं असं की ब्रिटनमध्ये तो घाईघाईत आधीच, २६ मेला, दुकानात पोचला होता, आणि २६ मे १९६७ ला होता शुक्रवार. मी वहीत दोन्ही लिहिल्यात: २६ मे, दुकानात आला, १ जून, अधिकृत. साजरा करताना मात्र मी १ जूनच धरतो कारण बँडनं आणि कंपनीनंही तोच धरला. त्या अल्बमच्या पहिल्या गाण्याची पहिली ओळच वीस वर्षांपूर्वीच्या दिवसाबद्दल आहे, आणि कंपनीनं सीडी काढली ती बरोब्बर वीस वर्षांनी, १ जून १९८७ ला. असं काही दिसलं की मन प्रसन्न होतं.

चार्टच्या तारखा जरा जपून

"या दिवशी अमुक गाणं नंबर एक झालं" हे वाक्य सगळ्यात जास्त कॉपी होतं आणि सगळ्यात कमी समजून घेतलं जातं. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाचा चार्ट, म्हणजे लोकप्रिय गाण्यांची क्रमवार यादी, दर आठवड्याला निघतो, आणि त्याच्यावरची तारीख ही तो प्रत्यक्षात बाहेर पडतो त्याच्या पुढची असते. म्हणजे चार्टवरची तारीख हे एका आठवड्याचं नाव आहे असं समजा, घटनेचा दिवस समजू नका. बीटल्सनं पहिल्या पाचही जागा घेतल्या तो चार्ट ४ एप्रिल १९६४ चा, मी तसंच लिहितो, "४ एप्रिलच्या चार्टमध्ये", "४ एप्रिलला" असं लिहीत नाही. छोटासा फरक आहे पण प्रामाणिक आहे.

आणि दुसरं म्हणजे चार्ट कुठला तेही बघा. बिलबोर्डचा मुख्य चार्ट हॉट १०० सुरू झाला ४ ऑगस्ट १९५८ ला, पहिला नंबर एक रिकी नेल्सनचं पुअर लिटल फूल. त्याच्या आधीचं कुठलंही गाणं "हॉट १०० वर पहिलं" असू शकत नाही, रॉक अराउंड द क्लॉकसुद्धा नाही, ते वेगळ्या यादीत पहिलं होतं. ब्रिटनमध्ये पहिला चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ चा, न्यू म्युझिकल एक्स्प्रेसनं छापलेला, त्यात पहिला आल मार्टिनो.

मध्यरात्र आणि घड्याळं

३ फेब्रुवारी १९५९. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि द बिग बॉपर म्हणजे जे. पी. रिचर्डसन आणि पायलट रॉजर पीटरसन, चौघं आयोवातल्या क्लिअर लेकजवळ विमान पडून गेले. पण शेवटचा कार्यक्रम, सर्फ बॉलरूममधला, तो २ फेब्रुवारीचा. विमान उडालं मध्यरात्रीनंतर. मला विचाराल तर हॉलीची गाणी २ तारखेच्या संध्याकाळी लावा, त्या वेळी तो गात होता, ३ तारखेला फक्त बर्फात पडलेलं विमान आहे. रिची व्हॅलेन्स १७ वर्षांचा होता हो. १७.

बीटल्सच्या जॉन लेननच्या बाबतीत उलटा प्रश्न येतो. न्यूयॉर्कमध्ये डकोटा बिल्डिंगच्या दारात त्याला गोळ्या घातल्या तेव्हा तिथे ८ डिसेंबर १९८०, रात्रीचे अकराला दहा कमी होते, पण त्याच्या स्वतःच्या गावात, लिव्हरपूलमध्ये, तेव्हा ९ डिसेंबरची पहाट उजाडायची होती. घटना जिथे घडली तिथली तारीख घ्यायची, एवढाच नियम ठेवा, म्हणजे ८.

निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनची तारीख बऱ्याच जणांच्या डोक्यात ८ एप्रिल १९९४ अशी बसलीय कारण त्या दिवशी बातमी आली, तो सापडला. गेला तो ५ एप्रिलला. परत क्रियापद. "गेला" आणि "कळलं" ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि चाहत्यांच्या आठवणीत बऱ्याचदा दुसरीच तारीख राहते, त्यात काही चूक नाही पण लिहा नीट.

तारीख बरोबर, जागा चूक

जागेचा एक रकाना हवाच. वुडस्टॉक फेस्टिव्हल वुडस्टॉकमध्ये झालाच नाही, तो झाला बेथेलला मॅक्स यास्गरच्या शेतात. आणि तारखेचं म्हणाल तर जाहिरात तीन दिवसांची होती, १५ ते १७ ऑगस्ट १९६९, पण लांबत लांबत गिटारवादक जिमी हेंड्रिक्स स्टेजवर आला तो सोमवारी १८ ला सकाळी, तोपर्यंत बहुतेक गर्दी घरी निघून गेली होती. ते जे गिटारवर त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं ना, जे सगळ्या जगाला माहितीये, ते समोरून ऐकणारे लोक फार थोडे. म्हणून हेंड्रिक्सची नोंद १८ ऑगस्टलाच करा, १५ ला नको.

बॉब डिलनचं तर आणखी मोठं आहे. त्याच्या १९६६ च्या टूरमधली एक रेकॉर्डिंग कित्येक वर्षं चोरून विकली गेली आणि तिच्यावर नाव असायचं रॉयल अल्बर्ट हॉल, लंडन. प्रत्यक्षात ती होती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली, १७ मे १९६६ ची, जिथे गर्दीतून कुणीतरी "जुडास" (म्हणजे गद्दार) म्हणून ओरडलं. १९९८ मध्ये ती अधिकृतपणे निघाली तेव्हाही कव्हरवर "रॉयल अल्बर्ट हॉल" अवतरणचिन्हात ठेवलं होतं, इतकं ते नाव चिकटलं होतं. आणि त्याच्याच ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड या अल्बमची १६ मे १९६६ ही तारीख पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली, पण जुने कागद चाळणाऱ्यांनी दाखवून दिलंय की तो प्रत्यक्षात जूनमध्ये आला असावा. अशा ठिकाणी मी पेन्सिलनं लिहितो, पेननं नाही.

जन्म सोपे, फुटणं अवघड

माणसाचा जन्म एका दिवशी होतो. बँडचा होत नाही. रोलिंग स्टोन्सनी या नावानं पहिला कार्यक्रम केला १२ जुलै १९६२ ला, लंडनच्या मार्की क्लबमध्ये, आणि पन्नाशीही त्यांनी तिथूनच मोजली, पण त्या रात्री ड्रमवर चार्ली वॉट्स नव्हता. तो आला जानेवारी १९६३ मध्ये, आणि कीथ रिचर्ड्सच्या मते बँड खरा सुरू झाला तो तेव्हाच. मला कीथचं पटतं. चार्लीशिवाय स्टोन्स ही कल्पनाच करवत नाही.

आणि बँड फुटतो कधी? बीटल्स कधी फुटले सांगा. लेननं बाकीच्यांना खाजगीत सांगितलं २० सप्टेंबर १९६९ ला. जगाला कळलं १० एप्रिल १९७० ला, पॉल मॅकार्टनीच्या सोलो अल्बमसोबतच्या पत्रकातून, पेपरच्या पहिल्या पानावर. मॅकार्टनी कोर्टात गेला ३१ डिसेंबर १९७० ला. लेननं शेवटच्या कागदावर सही केली २९ डिसेंबर १९७४ ला, ते पण फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात. आणि कोर्टानं लंडनमध्ये कायदेशीर शिक्का मारला ९ जानेवारी १९७५ ला. पाच तारखा! यातली कुठलीही एक घेऊन "आज बीटल्स फुटले" म्हणणं म्हणजे एखादं घर मोडताना फक्त दार लावल्याचा आवाज ऐकण्यासारखं आहे. मी पाचही ठेवल्यात, आणि त्यांच्या सोबत अजून एक, २० ऑगस्ट १९६९, चौघं शेवटचे एकत्र स्टुडिओत होते तो दिवस. त्या दिवशी त्यांना कुणालाच माहीत नव्हतं की हे शेवटचं आहे. मला सगळ्यात जास्त तीच तारीख लागते.

कॅलेंडरची स्मशानभूमी होऊ देऊ नका

हे फार मनापासून सांगतोय. तारखा गोळा करायला बसलं की मृत्यूच पटापट सापडतात, कारण बातम्या त्यांच्याच जास्त होतात. हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७०, जॅनिस जॉप्लिन ४ ऑक्टोबर १९७०, जिम मॉरिसन ३ जुलै १९७१, तिघंही २७ वर्षांचे, मग त्या २७ च्या यादीत कोबेन, ॲमी वाइनहाउस, आणि बघता बघता वर्षभर नुसते स्मृतिदिन. आपल्या भाषेत यासाठी शब्दच वेगवेगळे आहेत, जयंती वेगळी, स्मृतिदिन वेगळा, सुवर्णमहोत्सव वेगळा, तर त्याचा फायदा घ्या आणि प्रत्येक नोंदीला त्यातला एक शब्द लावा. महिन्याच्या शेवटी मोजा. स्मृतिदिन निम्म्याहून जास्त झाले तर थांबा आणि त्याच कलाकाराचा एक जिवंत दिवस शोधा. क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीचा २४ नोव्हेंबर १९९१ आहेच, पण १३ जुलै १९८५ पण आहे, लाइव्ह एड हा मदतनिधीचा कार्यक्रम, लंडनचं वेम्बली, जेमतेम वीस मिनिटं आणि सगळं स्टेडियम त्याच्या हातात. ओटिस रेडिंग १० डिसेंबर १९६७ ला विमान अपघातात गेला, पण २२ नोव्हेंबरला तो स्टुडिओत डॉक ऑफ द बे गात होता. लेननचा ८ डिसेंबर आहे तसा ९ ऑक्टोबर पण आहे, त्याचा स्वतःचा १९४० मधला जन्म आणि त्याच तारखेला १९७५ मध्ये मुलगा शॉनचा.

तारखा भरत गेलात की काही पानांवर गर्दी होते आणि मग खरी मजा येते. ८ जानेवारीला एल्विस (१९३५) आणि डेव्हिड बोवी (१९४७) दोघांचा जन्म, आणि बोवीचा ब्लॅकस्टार ८ जानेवारी २०१६ ला, ६९ व्या वाढदिवसाला आला, दोन दिवसांनी तो गेला. १६ ऑगस्टला मॅडोनाचा जन्म (१९५८), आणि ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन (१९३८), एल्विस (१९७७), अरीथा फ्रँकलिन (२०१८) तिघं गेले. २५ जूनला बीटल्सनी १९६७ मध्ये ऑल यू नीड इज लव्ह सॅटेलाइटवरून थेट अनेक देशांत गायलं, १९८४ मध्ये प्रिन्सचा पर्पल रेन आला, २००९ मध्ये मायकल जॅक्सन गेला. १ ऑगस्ट १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसननं बांगलादेशसाठी दोन कार्यक्रम केले, आणि १ ऑगस्ट १९८१ ला रात्री १२ वाजून १ मिनिटानं एमटीव्ही सुरू झालं. या योगायोगांना अर्थ नसतो, ओढूनताणून काढू नका, पण एका संध्याकाळी ही गाणी मागोमाग लावली की कानाला जे वळण मिळतं ते एरवी मिळत नाही. १८ जून १९६७ ला तर योगायोग नाहीच, एकाच मॉन्टेरी पॉप फेस्टिव्हलमध्ये दुपारी रविशंकरांची सतार आणि रात्री हेंड्रिक्सची पेटलेली गिटार, दोन्ही रेकॉर्डिंग मिळतात, दुपारी एक आणि रात्री एक असं ऐका.

फोनमध्ये टाकताना

थोडक्यात सांगतो. नोंदीच्या नावातच मूळ वर्ष टाका, नाहीतर कितवं वर्ष ते दर वेळी शोधावं लागतं. "ऑल डे" ठेवा, वेळ टाकू नका, नाहीतर प्रवासात टाइम झोन बदलला की तारीख सरकू शकते. रिपीट वर्षाला एकदा. गोल आकड्यांची, म्हणजे २५, ५०, ६०, ७५ ची वेगळी रंगखूण, पण ३७ व्या किंवा ४३ व्या वर्षाला कमी समजू नका, त्या वर्षी गोंगाट नसतो आणि निवांत ऐकता येतं. आठवण एक आठवडा आधीची लावा, त्याच दिवशी सकाळी समजलं तर ऐकायला वेळ काढता येत नाही. २९ फेब्रुवारीच्या नोंदी काही ॲपमध्ये फक्त लीप वर्षातच दिसतात, त्यामुळे सार्जंट पेपरला ग्रॅमीचं सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस मिळालं तो २९ फेब्रुवारी १९६८ आणि मंकीज बँडचा डेव्ही जोन्स गेला तो २९ फेब्रुवारी २०१२, या दोन्ही मी २८ ला टाकून नावात २९ लिहिलंय.

पन्नाशीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा, कंपन्यांचं प्रेम तेव्हा अचानक उतू जातं त्याला कायदेशीर कारणही असतं. युरोपमध्ये रेकॉर्डिंगचा हक्क ५० वर्षांवरून ७० वर केला, पण ५० वर्षांत जे बाहेर काढलंच नाही त्याला ती वाढ मिळत नाही. म्हणून २०१२ च्या शेवटी डिलनच्या कंपनीनं १९६२ च्या न निघालेल्या रेकॉर्डिंगचा संच साधारण शंभर प्रती एवढाच काढला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये बीटल्सचे १९६३ चे ५९ ट्रॅक फारसा गाजावाजा न करता आयट्यून्सवर आले. त्यामुळे पन्नासाव्या वर्षाच्या डिसेंबरात डोळे उघडे ठेवा, चांगला माल हळूच येऊन जातो.

आणि साजरं कसं करायचं

पोस्ट टाकून नाही, ऐकून. आणि जमेल तिथे मूळ वेळेच्या हिशोबानं ऐकून. ११ फेब्रुवारी १९६३ ला बीटल्स सकाळी दहाला स्टुडिओत गेले आणि रात्री पावणेअकराच्या सुमारास बाहेर पडले, तेवढ्यात पहिल्या अल्बमची दहा गाणी झाली. लेननला सर्दी झालेली, घसा बसत चाललेला, म्हणून ट्विस्ट अँड शाउट मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं कारण त्यानंतर आवाज उरणारच नव्हता. त्या दिवशी तुम्ही सकाळी एक गाणं, दुपारी दोन-तीन, असं करत रात्री साडेदहाला ट्विस्ट अँड शाउट लावा, मग तो फाटलेला आवाज का तसा आहे ते अंगात शिरतं, एरवी प्लेलिस्टमध्ये ते नुसतं एक जोशपूर्ण गाणं असतं. ३० जानेवारीला, बीटल्सच्या १९६९ च्या गच्चीवरच्या कार्यक्रमाच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीतली ४२ मिनिटं काढा, तेवढाच तो कार्यक्रम होता, मग पोलीस आले. १३ जुलैला लाइव्ह एडच्या क्वीनसाठी लंडनची संध्याकाळची पावणेसात धरा. सगळं कॅलेंडर असं पाळायची गरज नाही, वर्षात पाच-सहा दिवस असे केले तरी पुष्कळ.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर जुलैपासून करा. ५ जुलैचं एल्विसचं वर आलंच आहे, त्याच तारखेला १९६९ मध्ये स्टोन्सनी त्यांचा जुना गिटारवादक ब्रायन जोन्स गेल्यानंतर दोन दिवसांनी हाइड पार्कमध्ये कार्यक्रम केला, आणि त्याच तारखेला २०२५ मध्ये ऑझी ऑझबर्न बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कमध्ये खुर्चीत बसून शेवटचं गायला, १७ दिवसांनी तो गेला. आणि दुसऱ्याच दिवशी ६ जुलै. १९५७ मध्ये त्या दिवशी लिव्हरपूलच्या वूल्टनमध्ये चर्चच्या जत्रेत १६ वर्षांचा जॉन लेनन आपल्या क्वारीमेन बँडसोबत गात होता, आणि १५ वर्षांच्या पॉल मॅकार्टनीनं नंतर त्याला एडी कॉक्रनचं ट्वेंटी फ्लाइट रॉक सगळ्या शब्दांसकट वाजवून दाखवलं. त्या संध्याकाळची एक टेप आहे, हॉलमधल्या कुणीतरी सहज केलेली, खरखरीत, आणि तिच्यात जॉन जे गातोय त्यातलं एक आहे बेबी लेट्स प्ले हाउस, एल्विसनं सन स्टुडिओतच केलेलं. पाच जुलैच्या त्या रात्रीला तेव्हा तीन वर्षं आणि एक दिवस झाला होता. तर ५ ला रात्री दॅट्स ऑल राइट, ६ ला संध्याकाळी बेबी लेट्स प्ले हाउस आणि मग ट्वेंटी फ्लाइट रॉक, याच क्रमानं लावा, आणि वहीत या दोन ओळी पेननं लिहा.